घरातील बालवाडी आणि आईची मजुरी

२०२२ सालापासून महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने 'प्रथम' या संस्थेच्या साहाय्याने 'पहिले पाऊल' या नावाचे शाळापूर्व तयारीचे अभियान चालविले. इयत्ता पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांचे मेळावे शाळाशाळांतून भरविण्यात आले. गावोगावी मातांचे गट स्थापन झाले आणि घरच्या घरी मुलांकडून कोणते खेळ करून घ्यावेत हे सांगणारी कार्डे त्या गटांच्या हाती देण्यात आली. परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळाही याला अपवाद नव्हत्या. स्वयंपाकघरातील जिन्नसांची वर्गवारी करणे, चित्र पाहून गोष्ट सांगणे, दाणे मोजणे, रेघेवरून चालणे अशा साध्या कृतींतून मुलाची शाळेसाठी तयारी व्हावी, असा त्यामागील विचार होता.

समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्यांची अशा उपक्रमांकडे पाहण्याची दृष्टी सहसा दोन प्रकारची असते. काहीजणांना हा सरकारी उत्सवाचाच एक प्रकार वाटतो. जेथे हमीभाव, पीकविमा आणि पाण्याचे प्रश्न ऐरणीवर आहेत, तेथे तीन-चार वर्षांच्या मुलांच्या खेळांची चर्चा कशाला, असे ते म्हणतात. दुसरे कार्यकर्ते उत्साहाने मेळाव्यांना हजर राहतात, मातांना चार उपदेशाचे शब्द सांगतात आणि काम झाले असे समजतात. पहिल्या दृष्टीत मुलाचा विसर पडतो आणि दुसरीत आईचा. घरातील खेळातून होणारे शिक्षण ही गरिबांच्या मुलांसाठी अत्यंत मोलाची गोष्ट आहे. परंतु तिला लागणारे मुख्य भांडवल म्हणजे आईबापांचा वेळ आणि मनाचे स्वास्थ्य. त्यांची वाटणी समाजात पैशाइतकीच विषम आहे. म्हणून मुलाच्या खेळाचा प्रश्न हा मजुरीचा, कामाच्या तासांचा आणि पाळणाघराचा प्रश्न होतो. या दृष्टीने त्याचा विचार पक्षाच्या व्यासपीठावर फारसा झालेला नाही.

खेळ हेच काम

लहान मूल खेळते तेव्हा ते वेळ वाया घालवीत नसते, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मादाम माँटेसरींच्या शिक्षणविचाराने प्रभावित झालेल्या गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम केल्यावर ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. माँटेसरीची साधने महागडी होती. खेड्यातील बालवाडीला ती परवडणारी नव्हती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, दगडगोटे आणि माती वापरली. गरिबांच्या वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर रूढ आहे, त्याचे मूळ या कृतीत आहे.

या बाईंनी दाखवून दिलेले तत्त्व साधे आहे. मुलाच्या बोटांना, डोळ्यांना, कानांना आणि जिभेला भरपूर काम मिळाले, की अक्षर आणि अंक पुढे सहज येतात. ते काम न मिळता तिसऱ्या वर्षीच हाती पेन्सिल आली, तर मूल अक्षर गिरवते. पण त्याला अक्षराचा अर्थ गवसत नाही. परभणी शहरात आणि आता तालुक्यांच्या गावांतही 'इंग्लिश स्कूल'च्या पाट्यांखाली अडीच-तीन वर्षांच्या मुलांना बाकावर बसवून ए-बी-सी-डी घोकविणाऱ्या शिशुशाळा आहेत. पोटाला चिमटा घेऊन त्यांची फी भरणाऱ्या आईबापांचा त्यात दोष नाही. मुलाने आपल्यापेक्षा पुढे जावे ही त्यांची इच्छा न्याय्यच आहे. मात्र त्या इच्छेच्या मोबदल्यात त्यांना जे विकले जाते, त्याहून सकस वस्तू त्यांच्या घरात फुकट उपलब्ध आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

घरात काय आहे?

ती वस्तू कोणती, हे तपशिलाने सांगणे अवश्य आहे, कारण उपदेश पुष्कळ होतो आणि तपशील राहून जातो.

परभणीच्या कोणत्याही शेतकरी वा मजूर कुटुंबात तूर, मूग, हरभरा आणि ज्वारी असते. सुपातील मिसळलेले दाणे वेगळे करावयास दिले, की मूल रंग, आकार आणि जात यांवरून वर्गवारी करावयास शिकते. गणिताचा आणि शास्त्राचा पाया तोच आहे. चिंचोके हे तर पूर्ण गणितपेटीच होय. अर्धे फोडलेले चिंचोके फाशासारखे टाकले, की किती पांढरे आणि किती काळे पडले याची बेरीज आपोआप होऊ लागते. पाच टाकले आणि दोन पांढरे पडले, तर काळे किती, हा प्रश्न खेळात विचारला म्हणजे वजाबाकी झाली. सागरगोट्यांनी हात आणि डोळा यांचा मेळ बसतो. भाकरीच्या पिठाचा एक लहान गोळा मुलाच्या हाती दिला, की त्याची बोटे तयार होतात, आणि भाजलेली भाकरी 'आधी अर्धी, मग चतकोर' अशी मोडून दिली, की अपूर्णांकाची ओळख होते. वीत, हात आणि पाऊल ही मापे घरातल्या घरात खाट, उंबरा आणि चूल मोजावयास पुरतात. बापाची वीत आणि मुलाची वीत सारखी भरत नाही, असे लक्षात आले, की मापाला एकच प्रमाण का लागते हे मुलाला कोणी न शिकविता समजते.

पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणे, अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणे, शेताच्या वाटेवर पक्ष्यांची आणि तणांची नावे घेणे, आठवडी बाजारात 'पाव किलो' म्हणजे किती हे हातात घेऊन पाहणे, ही सर्व शिक्षणाची साधने आहेत. भातुकलीत मूल दुकानदार होते, डॉक्टर होते, कंडक्टर होते. दुसऱ्याच्या जागी उभे राहून बोलण्याचा तो पहिला सराव असतो.

यापैकी कशालाही आईबाप शिकलेले असण्याची गरज नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे शाळा मोजक्या होत्या आणि वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी मुलाला शिक्षणाची वाट अधिकच अवघड होती. त्या मागासलेपणाचे ओझे पुढील पिढ्यांनी वाहिले आहे. आजच्या अनेक आज्या आणि काही आया अक्षरओळखीविना राहिल्या त्या यामुळे. पण अक्षर न येणाऱ्या आजीजवळ उखाणे, कोडी, कहाण्या आणि म्हणी यांचा मोठा साठा असतो. मुलाची भाषा समृद्ध होते ती त्याच्याशी कोणी किती आणि कसे बोलते यावरून. 'गप बस' ऐकणाऱ्या मुलापेक्षा 'मग पुढे काय झाले?' हा प्रश्न ऐकणारे मूल अधिक शब्द, अधिक लांब वाक्ये आणि अधिक धीट विचार घेऊन शाळेत येते. रात्री एक गोष्ट सांगणे आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलाकडून ऐकणे, एवढा एक नेम घरात पाळला गेला तरी खूप साधते.

येथे भाषेविषयीही एक इशारा दिला पाहिजे. जिंतूर-गंगाखेडकडील तांड्यांवरचे मूल घरी गोरमाटी बोलते, परभणी आणि पाथरीच्या मोहल्ल्यांतील मूल दखनी उर्दू बोलते आणि बाकीची मुले मराठवाड्याची मराठी बोलतात. तिची लय पाठ्यपुस्तकातील मराठीपेक्षा वेगळी आहे. शाळेची भाषा लवकर यावी म्हणून घरची बोली मोडून काढणारे आईबाप मुलाची वाचाच बांधून ठेवतात. आईने आपल्या बोलीतच भरभरून बोलावे. त्या बोलीत विचार करावयास शिकलेले मूल दुसरी भाषा अधिक लवकर आत्मसात करते.

व्यवहारातील काही पथ्येही सांगावी लागतील. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके किंवा दाणे एकट्याने देऊ नयेत. ते नाकात आणि घशात अडकतात. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात कीटकनाशकांचे रिकामे डबे घरोघर पडलेले असतात. ते धुऊन खेळावयास देणे म्हणजे विष देणेच होय. आणि मूल रडू नये म्हणून हाती दिलेला मोबाइल बोलतो पुष्कळ, पण मुलाचे ऐकून घेत नाही.

वेळेचे अर्थशास्त्र

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही माता-मेळाव्यात टाळ्या घेईल. यापुढील प्रश्न मात्र मेळाव्यांत विचारला जात नाही. हे सर्व करावयाचे कोणी आणि कधी?

भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवितात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. म्हणजे स्त्रीचे पाच तास घरकामात जातात. शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत त्यावर मजुरीचा दिवस चढतो. पहाटे पाणी, स्वयंपाक, मग खुरपणीला किंवा कापूस वेचणीला जाणे आणि संध्याकाळी परतल्यावर पुन्हा चूल. कापसाची वेचणी किलोवर असते. अशा स्त्रीने मुलाशी खेळावयास एक तास काढला, तर त्या तासाची किंमत तिला त्याच दिवशी पैशांत मोजावी लागते. मध्यमवर्गीय घरात जो तास प्रेमाचा म्हणून ओळखला जातो, तोच तास मजुराच्या घरात मजुरीतील तूट म्हणून येतो. अर्थशास्त्राची पुस्तके जिला 'संधीची किंमत' म्हणतात ती हीच.

गंगाखेड ही संत जनाबाईची भूमी. जात्यावरच्या ओवीशी तिचे नाव कायमचे जोडले गेले आहे. पहाटे आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत ओव्या ऐकणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या या गोदाकाठाने पाहिल्या. भाषेची लय, नात्यांची नावे आणि देवादिकांच्या कथा ही सर्व शिदोरी त्यांना शाळेआधीच मिळत असे. पिठाची गिरणी आली आणि बाईचे मोठे कष्ट वाचले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु वाचलेला तो वेळ तिच्या विश्रांतीला किंवा मुलाच्या वाट्याला आला नाही, तो मजुरीने गिळला. यंत्राने श्रम हलके होतात, पण वाचलेल्या वेळेचा मालक कोण, हे समाजव्यवस्था ठरविते. समाजवाद्यांना हा सिद्धान्त कारखान्याच्या संदर्भात पाठ आहे. चुलीच्या आणि पाळण्याच्या संदर्भात तो मांडावयाचा राहिला.

या प्रश्नाचे सर्वांत उग्र रूप ऊसतोडीत दिसते. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. त्यामुळे आईने मागे राहावयाचे म्हटले, तर कोयता अर्धा होतो आणि उचलीचे कर्ज तसेच राहते. शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली, साखरशाळांचे प्रयोगही झाले. परंतु तीन वर्षांचे मूल कोणत्याच हजेरीपटावर नसते. ते आईबरोबर फडावर जाते, कोपीत वाढते. पहाटेच्या अंधारात आई ऊस तोडावयास निघते तेव्हा त्याला सांभाळणारी व्यक्ती म्हणजे त्याची सात-आठ वर्षांची बहीण असते. एका मुलाचे बालपण सांभाळण्यासाठी दुसऱ्या मुलीची शाळा अशी खर्ची पडते. या आईच्या हाती खेळांचे कार्ड देऊन कोणता अर्थ निष्पन्न होणार?

आणि बापाचे काय? 'माता गट' या नावातच एक गृहीत दडलेले आहे. मूल वाढविणे हे आईचे काम, हे त्या नावाने पुन्हा एकदा शिक्कामोर्तब होते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली 'श्यामची आई' लिहिले, तेव्हा घरकामाच्या ओघात आई मुलाला केवढे शिकविते हे मराठी वाचकाला कायमचे उमगले. त्या आईची थोरवी गाणाऱ्यांनी तिचे दारिद्र्य, तिचे आजारपण आणि तिच्यावरील कामाचा बोजा यांकडे मात्र सोयीस्कर डोळेझाक केली. गुरुजींच्या वारसदारांना ती मुभा नाही. पारावर संध्याकाळ घालविणाऱ्या बापाला वीत मोजता येते, दोरीच्या गाठी शिकविता येतात, बैलाची, एसटीची आणि बाजाराची गोष्ट सांगता येते. यासाठी त्याला कोणत्याही कार्डाची जरूर नाही.

घटनेतून निसटलेली सहा वर्षे

हा प्रश्न केवळ घराघरांतील सवयींचा नाही, त्याला राज्यसंस्थेची बाजू आहे. मूळ घटनेच्या ४५व्या अनुच्छेदाने राज्यावर अशी जबाबदारी टाकली होती, की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी प्रयत्न करावा. त्या वाक्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. जन्मापासूनचे बालक त्यात सामावलेले होते. २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा या वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याच दुरुस्तीने सहा वर्षांखालील मूल हक्काच्या कक्षेबाहेर राहिले. त्याच्यासाठी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच मार्गदर्शक तत्त्व उरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पूर्वप्राथमिक शिक्षणाबाबत सरकार आवश्यक ती व्यवस्था 'करू शकेल' अशी सैल भाषा वापरली. आणि गंमत अशी, की त्याच ८६व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत नव्याने घातले.

मेंदूच्या वाढीचा सर्वाधिक वेगाचा काळ पहिल्या काही वर्षांचा असतो, हे शास्त्र सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हे मान्य केले आणि तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आखला. २०२१ साली 'निपुण भारत' अभियान आले, २०२३ साली खेळांच्या साहित्याची 'जादुई पिटारा' ही पेटी आणि अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी पढाई भी' ही घोषणा आली. घोषणांची वाण नाही. त्यांच्या मागे कायद्याचा हक्क उभा नाही, हा खरा दोष आहे. हक्क नसतो तेथे अंदाजपत्रकात कात्री लागली तर न्यायालयात दाद मागता येत नाही. अशा परिस्थितीत 'पालकांचा सहभाग' हा गोंडस शब्द राज्याच्या जबाबदारीवर पांघरूण घालण्याच्या कामी येण्याचा धोका असतो. मूल मागे पडले, तर कार्ड दिले होते, आईने खेळ घेतले नाहीत, असे म्हणावयास यंत्रणा मोकळी राहते.

जमैकाचा धडा

घरातील खेळाने खरोखरच काही साधते काय, या शंकेला जगाच्या दुसऱ्या टोकाकडून एक सबळ उत्तर मिळाले आहे. वेस्ट इंडीजमधील जमैका या गरीब देशात, किंग्स्टनच्या दरिद्री वस्त्यांत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक प्रयोग झाला. कुपोषणाने वाढ खुंटलेली नऊ ते चोवीस महिने वयाची १२९ मुले त्यात होती. त्यांपैकी काहींच्या घरी सामुदायिक आरोग्य सेविका दोन वर्षेपर्यंत दर आठवड्याला सुमारे तासभर जात. घरातील टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी वापरून मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे त्या आईला करून दाखवीत. वीस वर्षांनंतर संशोधकांनी या मुलांचा पुन्हा शोध घेतला. ज्यांच्या घरी सेविका गेली होती त्यांची कमाई, जेथे ती गेली नव्हती अशा तुलनीय गटापेक्षा पंचवीस टक्क्यांनी अधिक आढळली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

यातून घ्यावयाचा धडा नीट घेतला पाहिजे. साधने फुकटची होती, जागा घरची होती, खेळ आईच खेळत होती. परंतु तिच्या शेजारी येऊन बसणारी प्रशिक्षित, पगारी स्त्री त्या योजनेच्या मध्यभागी होती. कार्ड वाटून जे होत नाही ते माणूस गेल्याने होते.

भारतात अशी स्त्री प्रत्येक गावात आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडी सेविका हे काम अंगावर घेऊन आहे. पोषण आहार, वजने, लसीकरणाच्या दिवशीची धावपळ, गृहभेटी आणि २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर'मध्ये माहिती भरण्याचे काम या सर्वांतून उरलेल्या वेळात तिने मुलांना खेळवावे, गाणी म्हणावीत आणि पालकांना मार्गदर्शन करावे अशी अपेक्षा असते. तिच्या श्रमाला 'मानधन' म्हणतात, वेतन म्हणत नाहीत. केंद्र सरकारने २०१८ साली ते साडेचार हजार रुपये केले. राज्ये त्यात आपापल्या परीने भर घालतात. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्यांच्या मागण्यांकडे केवळ एका कर्मचारी वर्गाच्या मागण्या म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. सेविकेचे वेतन आणि तिच्यावरील कागदी कामाचा भार यांवरच गावातील मुलाच्या खेळाचा दर्जा ठरतो.

शाखांनी काय करावे

प्रश्नाचे स्वरूप असे दुहेरी असल्याने कामही दुहेरी करावे लागेल.

पहिले काम रचनात्मक आहे आणि ते उद्यापासून सुरू करता येते. जेथे पक्षाची शाखा आहे तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवावी. मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर, शाळेचे मैदान, काहीही चालेल. चिंचोके, माती, जुनी वर्तमानपत्रे आणि गोष्टी सांगणारी एखादी आजी एवढे साहित्य पुरे. बापांना आग्रहाने बोलवावे. मुलाच्या नावातील अक्षरे वर्तमानपत्रात शोधण्याचा खेळ बापाने घ्यावा. बोलीतील उखाणे आणि कोडी लिहून काढावीत. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या परंपरेतून बालविकासाचे शिक्षण दिले जाते. तेथील विद्यार्थिनींना या संध्याकाळी गावात येण्याचे निमंत्रण द्यावे. राष्ट्र सेवा दलात वाढलेल्या कार्यकर्त्यांना गाणी आणि खेळ शिकविण्याची गरज नाही, फक्त वयोगट खाली आणावा लागेल.

दुसरे काम संघर्षाचे आहे. कोसबाडच्या विकासवाडीत ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली होती, कारण धाकटे भावंड सांभाळण्याची सोय झाल्याशिवाय मोठी मुलगी शाळेत येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची मजुरीवर नेमणूक करण्याची तरतूद करण्यात आली होती. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे. ते फडापर्यंत आणि शेतापर्यंत नेणे बाकी आहे. म्हणून प्रत्येक साखर कारखान्याने आपल्या तोडणी कामगारांच्या तळावर हंगामभर पाळणाघर आणि बालवाडी चालविली पाहिजे. तिचा खर्च उचलीतून किंवा मजुरीतून कापता कामा नये. अंगणवाडीची वेळ मजूर आईच्या दिवसाशी जुळली पाहिजे आणि त्यासाठी पूर्ण वेतनाची दुसरी सेविका दिली पाहिजे. सहा वर्षांखालील बालकाचा शिक्षणहक्क कायद्याने मान्य झाला पाहिजे. या मागण्या तालुक्याच्या निवेदनांत हमीभावाच्या आणि पीकविम्याच्या शेजारी याव्यात.

स्वयंपाकघरातील वस्तू राजकारणात आणण्याची परंपरा समाजवाद्यांना परकी नाही. डॉ. लोहियांनी खेड्यातील बाईचे पाणी, तिची धुराची चूल आणि तिच्या शौचालयाचा प्रश्न राजकीय व्यासपीठावर मांडला, तेव्हा अनेकांना ते हास्यास्पद वाटले होते. १९७०च्या दशकात मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढले आणि सत्ताधाऱ्यांना त्या लाटण्याची दखल घ्यावी लागली. आता त्याच स्वयंपाकघरातील दुसरी मागणी पुढे आणावयाची आहे. पोळपाटाशेजारी बसलेल्या मुलाच्या हाती पिठाचा गोळा देऊन त्याच्याशी चार शब्द बोलण्याइतकी सवड त्याच्या आईला मिळाली पाहिजे, आणि ती सवड मिळविताना तिची मजुरी बुडता कामा नये. येत्या दसऱ्याला टोळ्या गंगाखेडहून निघतील, त्याआधी किमान एका कारखान्याकडून तळावरील पाळणाघराचे लेखी आश्वासन घेण्याचे काम जिल्ह्याच्या कार्यकर्त्यांनी आजच हाती घ्यावे.